पाठीत तार बसवण्याआधी

सूरतच्या लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांत खानदेशातून आलेली फौजी घरं आहेत. मुलं कापड मार्केटला नाहीतर लूमवर लागली, आणि पेन्शनीत आलेले वडील धुळ्या-जळगावचं घर बंद करून तापी लाईनच्या गाडीने मुलांकडे राहायला आले. यातल्या काहींनी नोकरीतून पेन्शनीबरोबर दुखणंही आणलं आहे. कुणाच्या पायाखाली सुरुंग फुटला, कुणाची गाडी दरीत गेली, कुणाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तरी पायातली आग थांबली नाही. वीस-वीस वर्षं गोळ्या खाल्ल्यावर एखादे डॉक्टर सांगतात, ‘‘आता स्टिम्युलेटरचा विचार करा.’’ घरात कुणी हा शब्द ऐकलेला नसतो. कंपनीची छापील पत्रिका हातात येते, तिच्यात हसणारी माणसं बागेत चालत असतात, आणि निर्णय मात्र आठवडाभरात हवा असतो.

घाई करू नका. हे दुखणं कितीही जुनं असलं तरी या ऑपरेशनची तातडी जवळजवळ कधीच नसते.

आधी यंत्र काय आहे ते पाहू. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या बाहेर, त्याच्या आवरणाला लागून एक अरुंद पोकळी असते. तिथे एक किंवा दोन बारीक तारा सरकवतात. तारेच्या टोकाला धातूची छोटी कडी असतात, त्यांतून सौम्य विजेचे ठोके मज्जारज्जूला मिळतात. तारेचं दुसरं टोक कातडीखालून नेऊन कमरेच्या मागे किंवा पोटाच्या बाजूला बसवलेल्या बॅटरीला जोडतात. बॅटरी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असते. रिमोट तुमच्या हातात असतो.

या उपचाराचं मूळ १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या सिद्धांतात आहे. दुखण्याचा निरोप मज्जारज्जूत शिरतो तिथे जणू एक फाटक असतं आणि स्पर्शाचे निरोप जास्त आले की ते काही अंशी मिटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कोपर आपटल्यावर आपण न कळत ते चोळतो, त्याचं कारण हेच. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शिली यांनी माणसाच्या कण्यात असं पहिलं यंत्र बसवलं. आज दुखऱ्या जागी मुंग्या जाणवणारी यंत्रं आहेत, आणि काहीही न जाणवता चालणारी जलद ठोक्यांची यंत्रंही आहेत. पण कुठलंच यंत्र मूळ इजा बरी करत नाही. मेंदूपर्यंत पोचणारं दुखणं कमी करणं एवढंच त्याचं काम आहे, आणि तेही सगळ्यांत होत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा, की आपलं दुखणं नेमकं कुठल्या जातीचं आहे. नसांच्या इजेचं दुखणं वेगळं ओळखू येतं. आग होते, करंट बसतो, सुया टोचतात, पायावर चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि बसलं काय, झोपलं काय, ते चालूच राहतं. स्टिम्युलेटर प्रामुख्याने यासाठी आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर पायात राहिलेली कळ, किंवा इजेनंतर हात-पाय सुजून, रंग बदलून, आगीसारखा दुखत राहणारा आजार, ज्याला डॉक्टर सीआरपीएस म्हणतात, या दोन्हींत त्याचा वापर सर्वांत जास्त झाला आहे. याउलट चालल्यावर दुखतं आणि बसल्यावर थांबतं, गुडघा झिजला आहे, कंबर नुसती आखडते, अशा दुखण्यासाठी एवढ्या मोठ्या ऑपरेशनची वाट धरू नये.

फौजी दुखण्यांत आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्या साध्या डॉक्टरच्या लक्षात येतीलच असं नाही. मज्जारज्जू पूर्ण तुटल्याने कमरेखाली जाणीवच उरली नसेल आणि तरी तिथे आग होत असेल, तर स्टिम्युलेटरचा उपयोग बहुधा निराश करतो. स्फोटात किंवा मोटारसायकलच्या अपघातात खांद्यापासूनच्या नसा मुळासकट मज्जारज्जूतून उपटल्या गेल्या असतील, तर त्या हाताच्या दुखण्यालाही तो सहसा पुरा पडत नाही. त्यासाठी वेगळं ऑपरेशन असतं. पाय कापल्यावर नसलेल्या पायाचं बोट दुखतं, त्या दुखण्यात काहींना फरक पडतो, काहींना नाही. इथे आधी करायच्या स्वस्त गोष्टी पुष्कळ आहेत. आरसा दोन पायांमध्ये उभा धरून शाबूत पायाचं प्रतिबिंब पाहत व्यायाम करायचा, हा डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढे आणलेला उपाय घरातल्या आरशावर होतो. आणि उरलेल्या पायाचं टोक दुखत असेल तर कृत्रिम पायाचा सॉकेट नीट बसतो का हे पाहून घ्या. वजन कमी-जास्त झालं की टोकाचा आकार बदलतो, सॉकेट घासतो, आणि माणूस नसांच्या गोळ्या खात बसतो. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हेच काम करतं आहे. स्टिम्युलेटरसाठी मुंबई गाठण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

गोळ्यांचंही तसंच आहे. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन ही नसांच्या दुखण्याची नेहमीची औषधं. ‘‘सगळं खाऊन झालं’’ असं म्हणणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात प्रत्येक गोळी दोन-तीन आठवडे, लहान डोसमध्ये खाल्लेली असते, गुंगी आली म्हणून सोडलेली असते. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती महिने आणि का बंद केली, हे एका कागदावर लिहा. या कागदाशिवाय स्टिम्युलेटरचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडून दुसरं मत घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये घातलेली अटही अशीच आहे. नेहमीचे उपचार करूनही नसांचं दुखणं निदान सहा महिने तीव्र राहिलं पाहिजे, आणि तात्पुरती चाचणी यशस्वी झाली पाहिजे.

व्यायामाच्या बाबतीत सैनिकांना उपदेश करायची गरज नसावी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय लुळे पडलेल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहणं सुरू केलं ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्णपदक आणलं. प्रत्येकाला पदक मिळत नसतं, पण पाण्यातला व्यायाम दुखऱ्या अंगाला झेपतो एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कायमचं यंत्र बसवण्याआधी काही दिवसांची चाचणी होते आणि सगळा निर्णय तिच्यावर उभा असतो. चाचणीचा निकाल यंत्र सांगत नाही, रुग्ण सांगतो. आणि इथेच फौजी माणूस अडतो. वर्षानुवर्षं त्याने विचारणाऱ्या साहेबाला ‘‘ठीक आहे, सर’’ हेच उत्तर दिलेलं असतं. दुखणं सांगितलं तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन जाईल, पल्टनीत ‘सिक रिपोर्टवाला’ म्हणतील, ही भीती नोकरीत खरी होती. आता तीच सवय नुकसान करते. डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, ‘‘काका, बरं वाटतंय ना?’’ की तोंडातून ‘‘हो’’ निघून जातं. त्या एका ‘हो’वर अंगात कायमची बॅटरी बसते.

चाचणी कशी होते ते नीट समजून घ्या. तुम्हाला पालथं झोपवतात. कातडी बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, जाडसर सुईतून तार कण्याच्या पोकळीत वर सरकवतात. मुंग्यांचं यंत्र असेल तर तुम्हाला जागं ठेवून विचारतात, ‘‘मुंग्या कुठे येताहेत? मांडीला? पोटरीला? दुखतं तिथे पोचल्या?’’ या वेळी नेमकं सांगा. ‘‘डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आल्या, टाचेला नाहीत,’’ असं. तार अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे झाली की सगळं बदलतं. भाषेची अडचण असेल तर आधीच सांगून ठेवा. गुजराती किंवा हिंदीत ‘झिणझिण्या’ आणि ‘ठणका’ यांतला फरक सांगता आला नाही, तर घरातल्या दुभाष्याला दाराशी उभं ठेवायला सांगा. तारेचं बाहेरचं टोक पाठीला चिकटपट्टीने बांधून कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या यंत्राला जोडतात आणि साधारण पाच ते सात दिवसांसाठी घरी पाठवतात. त्या दिवसांत आंघोळ नाही, वाकणं-पिळणं नाही, हात डोक्यावर नेऊन कपाटातलं काढणं नाही.

या आठवड्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करा. एक वही घ्या. चाचणीच्या आधीचे सात दिवस रोज लिहा. रात्री किती वेळा जाग आली, एका दमात किती वेळ बसता आलं, किती चालणं झालं, किती गोळ्या घेतल्या, आणि शून्य ते दहामध्ये दुखणं किती. मग चाचणीचे दिवस तसेच लिहा. दुखणं निदान निम्मं झालं तर चाचणी यशस्वी, असा डॉक्टरांचा नेहमीचा निकष आहे. मी त्यात आणखी एक घालीन. तुमच्या दिवसातलं एखादं काम परत आलं का? वरच्या मजल्याच्या खोलीत चढून जाणं, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणं, गणपतीच्या आरतीला पूर्ण वेळ उभं राहणं. आकडा आठावरून चारवर आला पण दिवस तसाच पडून गेला, तर ऑपरेशन कशासाठी? वही तुमच्याबरोबर पत्नीला किंवा मुलालाही वेगळी लिहू द्या. रात्री कण्हण्याचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, त्यांना येतो.

पुराव्याचं चित्र दोन्ही बाजूंनी बघायला हवं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोसेस’ नावाच्या अभ्यासात मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी स्टिम्युलेटर बसवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचं पायाचं दुखणं निम्म्याहून कमी झालं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण ९ टक्के होतं. पण तो अभ्यास यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाला होता आणि कुणाला यंत्र बसवलंय हे रुग्णांना माहीत होतं. २०२२ मध्ये नॉर्वेत ५० जणांवर वेगळा प्रयोग झाला. सगळ्यांना यंत्र बसवलं, काही महिने चालू आणि काही महिने बंद ठेवलं, आणि ते कधी चालू आहे हे त्यांना कळू दिलं नाही. रोजच्या कामातल्या अडचणींत ठळक फरक दिसला नाही. त्यात ठोक्यांची एकच पद्धत वापरली होती, म्हणून सगळ्या यंत्रांना तो निकाल लावता येत नाही. २०२३ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी कंबरदुखीवरचे १३ अभ्यास एकत्र तपासले आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या फायद्याचा भरवसा देता येत नाही असं सांगितलं. सीआरपीएसमध्येही पहिल्या वर्ष-दोन वर्षांतला फायदा पाच वर्षांनी बराच ओसरलेला दिसला आहे. एवढं कळल्यावरही काही जण हो म्हणतील, आणि ज्याला रात्रभर झोप नाही त्याने तसं म्हणणं मला चूक वाटत नाही. फक्त माहितीनिशी म्हणावं.

धोकेही नावानिशी विचारा. तार जागेवरून सरकणं ही नेहमीची तक्रार आहे, मग पुन्हा ऑपरेशन. तार तुटते, बॅटरीची जागा दुखते, जंतुसंसर्ग होतो आणि तो खोल गेला तर सगळं यंत्र काढावं लागतं. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू चालू असेल तर हा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. फार क्वचित कण्यात रक्त साकळून पाय लुळे पडू शकतात. चाचणीनंतर किंवा ऑपरेशननंतर पायातला जोर अचानक गेला, लघवी होईना किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. अमेरिकेच्या एफडीएकडे २०१६ ते २०२० या चार वर्षांत अशा यंत्रांबद्दल एक लाख सात हजारांहून जास्त नोंदी आल्या होत्या. प्रत्येक नोंद म्हणजे यंत्राचा दोष असं नाही, पण चाचणीशिवाय यंत्र बसवू नका, असं एफडीएने डॉक्टरांना पुन्हा बजावलं ते त्याच वेळी.

बॅटरी कुठे बसवायची हा प्रश्न रुग्णाला क्वचितच विचारला जातो. तो तुम्ही स्वतः काढा. कृत्रिम पायाचा पट्टा कमरेच्या कुठल्या बाजूवरून जातो? व्हीलचेअरमध्ये टेकून बसता तेव्हा भार कुठे येतो? कुठल्या कुशीवर झोपता? कमरेखाली जाणीव नसेल तर बॅटरीवरची कातडी दाबली जाऊन जखम झाल्याचं तुम्हाला कळणारच नाही. सर्जनच्या समोर कृत्रिम पाय लावून, पट्टा बांधून उभे राहा आणि पेनाने खूण करून घ्या.

यंत्र बसल्यावर काही गोष्टी कायमच्या बदलतात. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेक म्हणून शॉर्टवेव्ह डायथर्मी सर्रास देतात, ती तुम्हाला वर्ज्य. तारेतून उष्णता जाऊन मज्जारज्जू भाजू शकतो. दवाखाना ओळखीचा असला तरी दर वेळी सांगा. पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं तर यंत्र आहे हे आधी कळवा. एमआरआय सगळ्या यंत्रांबरोबर चालत नाही, म्हणून कुठल्या भागाचा, कुठल्या मशीनवर चालेल हे खरेदीआधी लेखी मागा. अंगात स्प्लिंटर राहिले असतील तर जुने एक्स-रे बरोबर न्या. एमआरआयचा प्रश्न तुमच्या बाबतीत दुहेरी आहे. पेन्शनीनंतर हिऱ्याच्या कारखान्यात किंवा मार्केटमध्ये सिक्युरिटीची नोकरी करत असाल, तर मेटल डिटेक्टरच्या चौकटीत दिवसभर उभं राहता येणार नाही. तिच्यातून नेहमीच्या चालीने जावं, थांबू नये, हातातला डिटेक्टर बॅटरीवर धरू देऊ नये आणि यंत्राचं कार्ड खिशात ठेवावं. वेल्डिंगचं काम करत असाल तर डॉक्टरांशी आधी बोला.

आणि विचारा, सूरतमध्ये याचं प्रोग्रामिंग कोण करणार? यंत्र बसवल्यावर ठोके कमी-जास्त करायला पुष्कळ फेऱ्या होतात आणि हे काम बहुतेक वेळा कंपनीचा माणूस करतो. तो मुंबईहून महिन्यातून एकदा येत असेल, तर मधल्या दिवसांत फोन कोण उचलेल हे ठरवून घ्या. दर खेपेला फ्लाईंग राणी पकडून मुंबईला जायचं असेल तर तुमच्या कमरेला ते झेपेल का, याचाही हिशेब करा.

खर्च कित्येक लाखांचा आहे. चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांत संपते, चार्ज होणारी साधारण दहा वर्षं टिकते पण तुम्हाला नेमाने चार्ज करावी लागते. बदलताना पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर रस्ता तुमच्या पॉलिक्लिनिकमधूनच सुरू होतो. तिथून रेफरल, पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाची लेखी शिफारस, खर्चाचा अंदाज. दर ठरलेल्या यादीप्रमाणे मिळतात, आणि यादीत नसलेल्या इम्प्लांटसाठी आधी मंजुरी लागते. मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत तारीख घेऊ नका आणि ‘‘नंतर क्लेम करू’’ या तोंडी आश्वासनावर आगाऊ पैसे भरू नका. चाचणी आणि कायमचं यंत्र, दोन्हींची मंजुरी आहे का, पुढे बॅटरी बदलायची काय सोय, हे त्याच अर्जात विचारून ठेवा. तातडीच्या प्रसंगी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ४८ तासांच्या आत ईसीएचएसला कळवावं लागतं. हे घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये किंवा मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीमध्ये लष्करी तज्ज्ञाचं मत मिळत असेल तर अवश्य घ्या. त्यांना यंत्र विकायचं नसतं.

बरेच जण मनातल्या मनात घाबरतात ते वेगळ्याच गोष्टीला. दुखणं कमी झालं तर अपंगत्वाची टक्केवारी कमी होऊन पेन्शन कापतील का? संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या आदेशाने अपंगत्वाच्या फेरतपासणीसाठी वारंवार होणारे रिसर्व्हे बोर्ड बंद झाले. कायम स्वरूपाचं ठरलेलं अपंगत्व आयुष्यभरासाठी मानलं जातं, स्वतः तुम्ही फेरतपासणी मागितली नाही तर. तुमची निवृत्तीची तारीख आणि तुमचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, यांना नेमकं काय लागू आहे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवून विचारून घ्या. या भीतीपोटी चाचणीच्या वहीत दुखणं वाढवून लिहू नका.

चाचणीआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट सांगितली तर चिडू नका. ‘‘दुखणं डोक्यात आहे’’ असा त्याचा अर्थ होत नाही. स्फोटाची स्वप्नं, झोप उडणं, उदासी, दारू यांवर उपचार न करता यंत्र बसवलं तर ते बहुधा फसतं, आणि त्यावर उपचार झाले तर कधी कधी यंत्राची गरजच उरत नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे.

आणि चाचणी फसली तर? तार दवाखान्यातच, काही मिनिटांत ओढून काढतात. पाठीवर एवढीशी खूण राहते. घरच्यांना वाईट वाटेल, ‘‘आणखी एकदा बघू’’ म्हणतील. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं यंत्र, वेगळे ठोके, नसेच्या मुळाशी बसवायचं स्टिम्युलेटर अशी नावं पुढे येतात. त्यांतलं काही तुमच्या दुखण्याला खरंच लागू असेल, काही नसेल. निदान महिनाभर जाऊ द्या, वही परत उघडा, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे तीच वही घेऊन जा.